देवी आली त्या वाटेने

एका राजाने प्रजेसाठी देवीचं देऊळ बांधलं, खूप उंच पायऱ्यांचं. घटस्थापनेला पायांनी अधू असलेली भागूबाई नवसाची ओटी घेऊन सरकत सरकत आली आणि पायथ्याशीच अडली.

“महाराज, बाजूला एक उतार करा ना,” ती तिथे उभ्या राजाला म्हणाली.

“अगं बाई, देवळाची शोभा जाईल! भक्ती असली की माणूस चढतो.”

“मग आपली देवी पायऱ्या चढून गेली का?”

“एवढी दगडाची मूर्ती कशी चढेल? मातीचा उतार घालून ओढत नेली. मग तो मोडला.”

“म्हणजे देवीचीच भक्ती कमी पडली म्हणायची?”

राजा गोंधळला. वर देवळाकडे बघे, पायऱ्यांकडे बघे. शेवटी पुटपुटला, “गवंड्याला बोलवा.”

दसऱ्याला भागूबाईने देवीची ओटी भरली. वर गेली ती देवीच्याच वाटेने.