दारातली ओळ

“यादी असूनही ती यादी नाही, हे कसं काय बाबा?”

श्रीरंग कुलथेने होडीतून उतरल्या उतरल्या हेच विचारलं. नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

नदीकाठच्या या तकियात, फकिराच्या मठीत, बाबा एकटेच राहत. फकिरी घेण्याआधी ते तालुक्याला संगणक शिकवायचे. श्रीरंग त्यांचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे.

“ओळखलंत ना मला? पहिला नंबर.”

बाबांनी कळशी पुढे सरकवली. इथली रीतच तशी. आलेल्याने आधी नदीचं पाणी आणून रांजणात ओतायचं, मग बसायचं.

श्रीरंगने कळशी बाजूला ठेवली.

“वेळ नाही बाबा. परवा डोळ्यांचं शिबिर आहे. बेचाळीस म्हातारी माणसं. त्यांच्या नावांची यादी संगणकाच्या एका भाषेतल्या प्रोग्राममधून येते, माझा प्रोग्राम दुसऱ्या भाषेत. तो म्हणतो, ही यादीच नव्हे. एकालाही ऑपरेशनची वेळ मिळत नाहीये.”

“नावं मागितली तर देते?”

“देते की. सगळी, क्रमाने.”

“मग अडवतं कोण?”

“माझ्याच प्रोग्राममधली एक ओळ. दारातच विचारते, तू आमच्यातली यादी आहेस का? यादी ‘नाही’ म्हणते.”

“खरंच बोलते. ती त्या काठाची.”

“पण दिसते तर हुबेहूब…”

धुक्यात कुठेतरी वल्ह्याचा आवाज आला आणि विरला. आपण अजून होडीतच आहोत, असं श्रीरंगला क्षणभर वाटलं…

कळशी पुन्हा त्याच्यापुढे आली होती.

तो उठला. घाटाच्या निसरड्या पायऱ्या उतरून पाणी आणलं, रांजणात ओतलं. अर्धा शर्ट भिजला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, कशाची ते मात्र नीट सांगता आलं नसतं.

“बस,” बाबा म्हणाले.

“म्हणजे ओळखलंत.”

“कोण आहेस, असं मी विचारलं कुठे?”

“मग बस कसं म्हणालात?”

बाबांनी रांजणात वाटी बुडवली. डोळे मिटून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले…

“मला तहान लागली होती, श्रीरंग. तू पाणी आणलंस, एवढं पुरे.”