तीस दिवसांचा चुना

पूर्वी वेणुवती नगरात वज्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. नाव सोमरक्षित. बांधकामावरून तंटा उठला की गवंडी काय, सुतार काय, सगळे त्यांच्याकडे धाव घेत. ते दोन्ही बाजूंना थोडे थोडे सोडायला लावीत आणि हसतमुखाने घरी पाठवीत. या हातोटीचा त्यांना मनातून अभिमान होता. अभिमान बोधिसत्त्वांनाही चुकलेला नाही.

एकदा राजाने आजाऱ्यांसाठी रुग्णशाळा बांधायला काढली. गोपक गवंडी म्हणाला, "भिजवलेला चुना खड्ड्यात चाळीस दिवस मुरलाच पाहिजे." चुनाभट्टीवाला रोहक म्हणाला, "वीस पुरेत. पावसाळ्याआधी काम उरकायचंय." दोघे हमरीतुमरीवर आले. सोमरक्षितांनी दोघांचे ऐकून घेतले आणि तीस दिवस ठरवून दिले. दोघांनी माना डोलावल्या. अमात्य स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

वर्ष उलटले नाही तोच रुग्णशाळेची कमान कोसळली. कुंभी नावाच्या म्हातारीचा पाय कायमचा गेला.

त्या नगरातल्या गवंड्यांची रीत अशी होती, की ज्याचे बांधकाम पडेल त्याने आपली थापी वेशीवर ठेवायची आणि पुन्हा दगडाला हात लावायचा नाही. गोपक थापी घेऊनच दरबारात आला. निवाडा अर्थातच सोमरक्षितांकडे होता.

त्यांनी कमानीचा एक तुकडा मागवून नखाने कोरला. आत न मुरलेल्या चुन्याचे पांढरे खडे होते. तेच मागाहून फुगले होते आणि सांधे उकलले होते.

"चुना कच्चा होता," गोपक हळूच म्हणाला.

"आपण सांगितले तितके दिवस मुरवला, अमात्य," रोहक म्हणाला. "एक दिवस कमी नाही."

गोपकाने आपल्या चाळीस दिवसांची आठवण काढली नाही, आणि तीस हा आकडा रोहकाने उच्चारला नाही. दोघेही त्यांना वाचवीत होते, आणि हे कळताच सोमरक्षितांचे कान तापले. दोघांना खूश करण्याच्या नादात आपण चुन्याला विचारलेच नाही, हे त्यांना तिथे, भर दरबारात उमगले. गप्प राहिले असते तर गोपकाची थापी वेशीवर गेली असती आणि त्यांचे नाव तसेच उजळ राहिले असते. क्षणभर तोही विचार त्यांच्या मनात आला. त्याची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

"महाराज, कमान माझ्या निवाड्याने पडली," ते म्हणाले.

राजा गडबडला. "तुमचा काय दोष? दोन्ही पक्षांनी संमती दिली होती."

"चुन्याने दिली नव्हती. गोपकाची थापी त्याच्याकडेच राहू द्या. रीत मला लागू होते."

त्यांनी निवाड्याची मुद्रा बोटातून काढली आणि भर दिवसा, लोकांच्या नजरा झेलत वेशीवर नेऊन ठेवली. तिथून ते कुंभीकडे गेले. मान खाली घालून ते उंबऱ्याशीच उभे राहिले.

"आत ये बाबा," म्हातारी म्हणाली. "तुझ्या लाजेनं माझा पाय परत येत नाही. पाणी तेवढं भरून दे."

ती जिवंत होती तोवर त्यांनी रोज तिचे पाणी भरले. त्यांना तंटे मिटवायला पुन्हा कोणी बोलावले नाही, आणि तेही गेले नाहीत.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा गोपक म्हणजे भिक्खू वप्पिल आणि रोहक म्हणजे भिक्खू सोणक. कुटीच्या भिंतीवरून भांडून, मधले काहीतरी काढून द्या म्हणत आज सकाळी माझ्याकडे आले ते हेच दोघे. कुंभी म्हणजे आपल्याला रोज पेज वाढणारी उपासिका. आणि सोमरक्षित मीच होतो."

हे ऐकून काही भिक्खूंनी नजर खाली वळवली.

"वर पाहा," शास्ते म्हणाले. "आपली चूक चारचौघांत आपल्याच तोंडाने सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता. ती मला मान खाली घालूनच मिळाली."