गेरूचा हात

डोंगरापलीकडच्या एका गावात एक विणकर राहत होता. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, हा त्याचा धंदा. पण मनात एकच, राजाचा जासूद व्हायचं. जासूद म्हणजे घुंगरांची काठी घेऊन राजाची पत्रं पळत पोचवणारे, राज्यातले सगळ्यात वेगवान गडी.

लोक म्हणायचे, "तुझे पाय खड्ड्यात, आणि तू पळणार?" लोकांचं काय जातं बोलायला. हा रोज पहाटे चार कोस पळायचा आणि मग मागावर बसायचा.

जासुदांची परीक्षा वर्षातून एकदा. उजाडताच राजवाड्यासमोरून निघायचं, वर गडाच्या दरवाजात ठेवलेल्या गेरूत पंजा बुडवायचा आणि दुपारचा नगारा व्हायच्या आत परतायचं. वर पहारा नसे. रंगलेला पंजा हीच साक्ष. विणकर तीन वर्षं नगाऱ्यानंतर पोचला. उशिरा येणाऱ्याचा हात कोण बघतो? आणि चाळिशीनंतर पळू देत नसत. हे त्याचं शेवटचं वर्ष.

बायको म्हणाली, "यंदा नाही जमलं तर निमूट मागावर बसा. शेजारणींची बोलणी मला ऐकवत नाहीत."

परीक्षेच्या दिवशी गडाच्या पायथ्याशी पाटलाचा मेहुणा झाडाखाली पसरला होता. तोही परीक्षेलाच निघालेला.

"बस रे. वर कशाला मरतोस? माझ्याकडे गेरूची पुडी आहे. दोघं हात रंगवू आणि आरामात जाऊ."

खोटं कशाला सांगू, विणकराला मोह झाला. पाय थांबले. मग म्हणाला, "चार वर्षं पळतोय ते तुझ्या पुडीसाठी नाही," आणि चढायला लागला.

नगारा व्हायच्या जरा आधी तो धापा टाकत पोचला. मेहुणा आधीच येऊन बसलेला. परीक्षा घेणाऱ्या कारकुनानं हात बघितले. मेहुण्याचा लालभडक. विणकराचा कोरा. घामानं सगळा गेरू धुऊन गेलेला.

"हा वर गेलाच नाही," मेहुणा म्हणाला.

जासुदांचा म्हातारा नाईक उठला. मेहुण्याला म्हणाला, "एवढं पळालास आणि हाताला घाम नाही? कनवटीला काय आहे बघू." पुडी निघाली.

मग नाईक कारकुनाकडे वळला. "तुम्ही कधी पळाला नाहीत, म्हणून नुसता हात बघता. याचं तोंड बघा. कपाळ, मान, कान, सगळीकडे गेरू. घाम पुसत आलाय गडी. माझ्या परीक्षेला माझाही हात असाच कोरा झाला होता."

त्यानं घुंगरांची काठी विणकराच्या हातात दिली. विणकरानं ती एकदा खणखणून वाजवली आणि घराची वाट धरली.

गल्लीत घुंगरं वाजली तशी बायको दारात आली. त्याचं लाल तोंड बघून पदर तोंडाला लावून हसली. "आधी आंघोळ करा," म्हणाली.

तात्पर्य काय, तर कष्ट खरे असले की हात कोरा राहिला तरी घाबरू नये. घाम आपली खूण ठेवतोच. पुडीतला रंग मात्र पहिल्याच जाणत्या माणसापुढे उघडा पडतो.