काठोकाठ रांजण

त्या मुलखात तहान सगळ्यांना होती आणि पाणी एकाकडेच होतं. उंबराखाली बसलेल्या रांजणाकडे. डोंगरातल्या झऱ्यापासून बांबूची एक पन्हळ थेट त्याच्या तोंडापर्यंत आलेली होती. तिच्यातून येणारं पाणी पोटात धरायचं आणि गार ठेवायचं, एवढं एकच काम रांजणाला येत होतं. ते मात्र तो चांगलं करी, हे कबूल करायला हवं. मातीचं अंग दिवसभर पाझरायचं आणि आतलं पाणी दातांतून कळ जावी असं गार निघायचं. म्हशीपासून मुंगसापर्यंत सगळे तिथेच पीत आणि पिऊन झालं की मान हलवून म्हणत, "वा, रांजणशेठ!"

रोज उठून 'वा' ऐकल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहतं? त्यात रांजणाला डोकं नव्हतंच. नुसतं पोट आणि तोंड.

शिवाय त्याला एक खोड होती. काही ठरवायचं असलं की तो आपल्याच पोटात तोंड घालून विचारायचा, "हे करू ना?" पोटाच्या रिकाम्या भागातून उत्तर यायचं, "करू ना... करू ना..." त्याला वाटे, आपल्या आत कोणी मोठा जाणता बसलाय. त्या जाणत्याने त्याला आजवर एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

पलीकडच्या टेकाडावर एक डफ राहत असे. कड झिजलेली, कातडं जुनं आणि स्वभाव कातड्याहून कडक. पण संध्याकाळी वानराची थाप पडली की रांजणाखालच्या मुंग्यासुद्धा ओळ मोडून थांबत. यात एक गोष्ट होती. डफ वाजायचा तर त्याला आधी शेकावं लागतं. टेकाडावर शेगडी होती, तिच्या निखाऱ्यांवर वानरं त्याला धरत, ऊब लागली की सैल कातडं आवळून येई आणि मग तो बोलू लागे. न शेकलेला डफ म्हणजे ओलं पोतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो शेगडीशी रोज भांडे, पण तिला सोडून कधी हात-दोन हातही सरकला नव्हता.

"बाई, आज निखारा मवाळ आहे," तो कुरकुरे.

"तुमची जीभ तेवढी मवाळ करा, म्हणजे फिटंफाट होईल," शेगडी म्हणे, आणि रात्री तोच निखारा राखेखाली झाकून दुसऱ्या दिवसासाठी जपे.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. पन्हळीत उंबराची पानं साचली, धार करंगळीएवढी झाली, आणि रांजणातलं पाणी वीतभर खाली गेलं. कोणा वानराने हात घालून पानं काढली असती तर काम संपलं होतं. पण रांजणाला काळजी पाण्याची नव्हती, दिसण्याची होती. कोरडा पडलेला गळा चारचौघांत दिसायला लागला, याची त्याला लाज वाटे.

अशा वेळी जो येतो तो आला. बगळा. एका पायावर उभा, डोळे अर्धे मिटलेले, अंगावर एक डाग नाही.

"शेठ," तो म्हणाला, "पाणी वर यायला पाणीच लागतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

शेजारी झाडपाल्याची औषधं कुटणारा एक दगडी खल होता. कायमची सावली आणि रांजणाच्या पोटात हक्काची जागा, असं सांगून बगळ्याने त्याला तयार केलं आणि वानरांकरवी आत सोडलं. डुबुक! पाणी चार बोटं वर चढलं. काही सांडलं, पण सांडलेलं जमीन पिते, तिकडे बघतो कोण? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रांजण वाढला, असंच सगळे म्हणाले. पाण्याबरोबर तळाचे मासेही वर आले होते. बगळ्याची चोच आता त्यांच्यापर्यंत पोचत होती. त्याने त्यातले दोन गिळले आणि पुन्हा डोळे मिटले.

मग काय, चटकच लागली. पाणी बोटभर उतरलं की काहीतरी घ्यायचं. आरसा घेतला. घुंगरांची माळ घेतली. कंदील घेतला. आत जाताना कंदिलाने बिचाऱ्याने विचारलं, "शेठ, मी पेटू कसा?"

"आतून पेट," रांजण म्हणाला.

पन्हळीतली पानं तशीच होती. कुजून त्यांचा लगदा झाला होता आणि धार थेंबांवर आली होती.

एके दिवशी बगळा टेकाडावर आला.

"डफोबा, शेठ तुमची आठवण काढतात."

"मला पाण्यात नेऊन काय करणार? आंघोळ घालणार?"

बगळ्याने हसल्यासारखं केलं. "तुमचे ऐकणारे पाणी कुठलं पितात, एवढाच विचार करा," म्हणाला आणि उडून गेला.

त्या संध्याकाळी टेकाडावर कोणी आलं नाही. अंधार पडता पडता एकटी म्हातारी म्हैस धापा टाकत चढून आली. डफाची ती सगळ्यांत जुनी ऐकणारी.

"आजची शेवटची खेप, डफोबा," ती म्हणाली. "रांजणाने सांगितलंय, टेकाडावर जाईल त्याने पाण्याला यायचं नाही. मी काय, मेली चोरून आले. पण उद्या नाही यायची. रोज तहान लागते रे बाबा."

डफ एकट्या म्हशीसाठी वाजला. चांगला वाजला. पण रिकाम्या टेकाडाचं तोंड बघून त्याच्या मनात जे आलं ते त्याने शेगडीलाही धड सांगितलं नाही. रांजणाचं ते अवाढव्य पोट त्याला दिसू लागलं होतं. त्यात आपला आवाज कसा घुमेल! सगळा मुलूख ऐकेल. ज्याने बगळ्याला आंघोळीचा टोमणा मारला होता तो रात्रभर घुमण्याचाच विचार करत पडला.

सकाळी त्याने निरोप पाठवला. येतो, पण एक अट. शेकल्याशिवाय मी वाजत नाही, तेव्हा शेगडी माझ्यासोबत हवी.

"सोबत म्हणजे काय!" बगळा म्हणाला. "अगदी शेजारी. शेठचा शब्द आहे."

"अहो," शेगडी डफाला म्हणाली, "ज्याला आपल्याच पन्हळीतली पानं काढवत नाहीत, तो माझा निखारा जपणार?"

"बाई, मोठ्यांचे व्यवहार तुम्हाला कळायचे नाहीत."

शेगडीने निखारा राखेखाली ओढून घेतला.

ठरल्या दिवशी उंबराखाली झाडून सगळे जमले. रांजणाने रिवाजाप्रमाणे पोटात विचारलं, "घेऊ ना?" आत सामान इतकं झालं होतं की उत्तर फार बारीक आलं. त्याला वाटलं, जाणता आता कुजबुजीवर आलाय, म्हणजे गोष्ट खात्रीची.

वानरांनी आधी शेगडी उचलली. निखारे लालभडक होते, डफासाठी तिने सकाळीच फुलवून ठेवले होते.

डफाला तेव्हा कुठे उमजलं. "अरे, थांबा!" तो ओरडला. "आत नाही! बाहेर! शेजारी म्हणजे बाहेर!"

पण वानरांचे हात सुटले होते. चर्र... असा एक आवाज झाला आणि पांढऱ्या वाफेचा लोट उंबराच्या फांद्यांपर्यंत गेला. वाफ पाहून जमलेल्यांना वाटलं, काहीतरी नवीन सुरू झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणी काठाला लागलं. ते राखाडी झालं होतं, पण लागलं.

डफ ओरडत असतानाच वानरांनी त्यालाही आत टाकला. सामानाच्या ढिगावर, रांजणाच्या तोंडापासून हातभर खाली, तो आडवा पडला. अंगावर पाणी, खाली शेगडीचा थंडगार काठ.

"दिलेला शब्द पाळला की नाही?" रांजण म्हणाला. "बघ, शेजारीच आहे. आता वाज."

एका वानराने आत हात घालून थाप मारली.

थप्.

बगळ्याने मान डोलावली. "किती खोल आवाज आहे!"

"खोल कसला?" म्हातारी म्हैस मागून म्हणाली. "मी चिखलात शेपूट आपटते तेव्हा अस्साच येतो."

दोघे-चौघे हसले, बाकीच्यांनी रांजणाकडे बघून हसू गिळलं. डफाला म्हशीकडे बघवेना. कातडं फुगत चाललं होतं, आणि आपण कधीकाळी कसे वाजत होतो हे आठवायचं म्हटलं तरी त्याला खालची चर्रच ऐकू येई.

पुढचे दिवस उन्हाचे होते. सगळे येत आणि पाणी पीत. राखेची चव लागली तरी तोंड वाकडं करून पीत, कारण दुसरं होतं कुठे? मासे बगळ्याने संपवले होते, त्यामुळे पाण्यात डासांच्या अळ्यांची वळवळ सुरू झाली. मग एका दुपारी म्हशीने तोंड घातलं, तीन घोट घेतले, आणि चौथ्या घोटाला तिचं नाक ओल्या कातड्यावर आपटलं.

"हे काय? पाणी कुठाय?"

"काठ बघा, काठ!" बगळा घाईने म्हणाला. "परवा पाणी कुठवर चढलं होतं!"

"काठ पिऊ का, मेल्या?"

तिने शिंग घालून ढवळलं. शिंगाला घुंगरांची माळ अडकली, कंदील खडखडला, पिण्याजोगं पाणी काही लागलं नाही. बाकीच्यांनी एकेक करून डोकावलं. इतकी वर्षं 'वा' म्हणणारी तोंडं कोरडीच वर आली. म्हैस वळली आणि पन्हळीच्या कडेकडेने डोंगराकडे चालू लागली. तुंबलेल्या पन्हळीतून पाणी कुठेतरी सांडत असणारच, एवढा विचार म्हशीलाही करता येतो. वरच्या खडकात खरंच एक डबकं साचलं होतं, नितळ आणि झऱ्याच्या धारेखाली. हाक जाईल इतकंच लांब. सगळे तिकडे गेले ते परत आले नाहीत.

बगळा थोडे दिवस एका पायावर उभा राहिला. मग कुठल्याशा मुलखात एक तांब्याचा हंडा आहे आणि त्याचंही पाणी उतरलंय, असं त्याच्या कानावर आलं.

उरलेलं पाणी उन्हाने नेलं. आधी डफाची कड कोरडी झाली, मग कातडं. जे काम शेगडी घटकाभरात करी ते उन्हाने हळूहळू केलं. सैल पडलेलं कातडं खेचत खेचत आवळलं, ताठ झालं. डफाला ते कळत होतं. कोणी थाप मारली तर आपण आता वाजू, हे त्याला कळत होतं. मारायला मात्र वानरही उरला नव्हता.

आणि एका दुपारी वरून पिकलेलं एक उंबर सुटलं आणि बरोबर डफाच्या मध्यावर पडलं.

धम्म!

टेकाडावर घुमायचा तसा, भरदार, खणखणीत. आवाज उंबराच्या पानांतून वर गेला, डोंगरावर आपटला आणि परत आला.

"ऐकलंत?" रांजण ओरडला. "ऐकलंत ना? मी वाजतो आता!" आणि हुरूप येऊन त्याने आपल्या पोटात विचारलं, "आता काय घेऊ?"

तो उत्तराची वाट बघत राहिला. आत आवाज घुमायला जागाच नव्हती.

वर डबक्यावर म्हातारी म्हैस पाणी पीत होती. तो आवाज ऐकून तिने मान वर केली. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, तोंडातून पाणी गळत होतं, एक कान उंबराकडे वळलेला. मग तिने तोंड पुन्हा पाण्यात घातलं.