भंगारातल्या प्रिंटरचा शोध

चपला बाहेर काढून संगणकाच्या खोलीत शिरायचे, त्या काळची गोष्ट. एका कचेरीतल्या संगणकाचा प्रोसेसर तापून लाल झाला होता. एकेक अक्षर उमटायला मिनिट लागे.

"कोण राबवतंय याला एवढं?" आतला पंखा गरगरत ओरडला. आतल्या सगळ्या प्रोग्रॅमांनी पत्रं लिहिणाऱ्या गरीब प्रोग्रॅमकडे बोट दाखवलं. पंख्याने कामांची यादी पाहिली, तर नव्वद टक्के ताकद पडद्यामागे बसलेला प्रिंटरचा प्रोग्रॅम खात होता.

"काय करतोस रे?"

"प्रिंटर शोधतोय."

"अरे, तो दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला!"

"ठाऊक आहे. पण शोध थांबवायचा लेखी आदेश कुठाय?"

"आत्ता लिहून देतो!"

"नुसतं लिहून चालत नाही, छापील लागतो," तो शांतपणे म्हणाला. "तोवर प्रिंटर शोधतो."