तंबू हलता कामा नये

कुरणवाडी गावात एक भोळा वेल्डर होता. नाव म्हसू. त्याने जोडलेलं लोखंड कधी सुटत नसे. त्याच्या डोक्यात शिरलेलं वाक्यही कधी सुटत नसे.

लग्नात सासऱ्याने त्याला सांगितलं, "जावईबापू, माझ्या सोजरला ऊन लागू देऊ नका."

म्हसू घरी आला. त्याने दोन्ही खिडक्यांवर पत्रे बसवून वेल्ड केले. मग तो दाराकडे वळला. सोजर शहाणी होती. दार बंद व्हायच्या आत ती बाहेर पडली आणि थेट माहेरी गेली.

सासऱ्याचं नाव रखमाजी. राहणार शेलगाव. धंदा बैलांचा साज विकण्याचा. घुंगरमाळा, गोंडे, झुली. माळावरच्या जत्रेत मोठा बैलबाजार भरायचा, तिथे रखमाजींचं वर्ष निघायचं. जत्रेत सगळ्यांचा डोळा एकाच जागेवर असे, गुरांच्या पाण्याच्या हाळाजवळ. बैल पाण्याला येणार, मागोमाग मालक येणार. सूर्य उगवताना जो तिथे असेल त्याची जागा. उशिरा आला त्याने उकिरड्याजवळ बसावं.

मागच्या जत्रेत रखमाजी पिकअपखाली झोपले आणि त्यांना विंचू चावला. म्हणून त्यांनी गाडीच्या वर लावायचा तंबू घेतला. शहरातल्या कुणा हौशी माणसाने विकायला काढला होता. पेटीसारखा मिटायचा, खोलीसारखा उघडायचा. पण तो ठेवायचा कशावर? पिकअपच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा हवा. शहरातला कारागीर दाम मागतो. जावई मागत नाही.

रखमाजी पिकअप घेऊन कुरणवाडीला आले.

"जावईबापू, हौद्यावर सांगाडा करा. काम धड झालं तर सोजरला नांदायला पाठवतो."

म्हसूच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्र्याच्या घरात एकट्याने राहून तो उकडून निघाला होता.

"करतो मामा. कसा करू?"

"आधी माप घ्या, मग कापा."

म्हसूने तंबू अंगणात पूर्ण उघडला. त्याचं माप घेतलं. तेवढा सांगाडा केला आणि हौद्यावर बसवला. रखमाजी गाडी घेऊन गल्लीत निघाले. सांगाडा दोन्ही बाजूंनी हातहात बाहेर आलेला. डावीकडून शेजारच्या कोंडाबाईच्या न्हाणीचा पत्रा गेला. उजवीकडून तिचीच पापड वाळत घातलेली खाट उलटली.

कोंडाबाई ओरडली, "अगं बया! गाडी हाय का वरात?"

आमच्याकडे जावयाला शिवी देत नाहीत. रखमाजींनी लोखंडाला दिली.

"या लोखंडाच्या आईला! जावईबापू, उघडलेल्याचं माप घेतात का? मिटलेल्याचं घ्यायचं!"

म्हसूने ते वाक्य डोक्यात पक्कं जोडून टाकलं.

"मग हा मोठा सांगाडा टाकू का मामा?"

"टाकता कशाला? राहू द्या. कुठंतरी कामाला येईल."

हेही वाक्य त्याने जोडून टाकलं. मोठा सांगाडा भिंतीला उभा राहिला. म्हसूने बेताचा दुसरा केला. हौद्यावर अगदी चपखल बसला. आता वर चढायला शिडी हवी.

"माझ्या मापाने करा," रखमाजी म्हणाले.

म्हसू फीत घेऊन पुढे आला. "मामा, मिटा."

"काय मिटू?"

"तुम्ही मिटा. मिटलेल्याचं माप घ्यायचं असतं."

रखमाजींना वाटलं, कारागिरीतली काही खोच असेल. ते गुडघे पोटाशी घेऊन बसले. म्हसूने डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि तेवढी शिडी करून सांगाड्याला वरून जोडली. रखमाजींना धरून वर चढवलं. तंबू बघून ते खूश झाले. उतरायला लागले. शेवटच्या पायरीवरून पाय खाली सोडला. खाली नुसती हवा होती. मग जमीन आली, पण ती कमरेला आली.

"या शिडीला वाळवी लागो!" कंबर धरून रखमाजी म्हणाले. "जावईबापू, शिडी जमिनीला टेकायला हवी! जे जमिनीला टेकत नाही त्याचा कधी भरवसा धरू नये!"

लोखंडाला वाळवी लागत नाही. पण कंबर दुखत असली की माणूस काहीही बोलतो.

म्हसूने शिडी वाढवली. चांगली जमिनीत रुतेल इतकी वाढवली आणि गाडीला पक्की वेल्ड केली. रखमाजींनी गाडी सुरू केली. शिडी मागून रस्ता नांगरत निघाली. ग्रामपंचायतीने नुकताच मुरूम टाकला होता. पार मारुतीच्या देवळापर्यंत त्यात सरी पडली. सरपंच म्हणाले, "आता यात ऊसच लावा."

रखमाजी खाली उतरले. त्यांनी शिडीला दोन लाथा घातल्या.

"जावईबापू, जमिनीला टेकतं ते गाडीला जोडायचं नसतं! चढणारा वर चढला, की शिडी काढून गाडीत टाकायची!"

"एवढंच ना," म्हसू म्हणाला आणि तेही जोडून टाकलं.

जत्रा चार दिवसांवर आली. रखमाजी शेवटचं बघायला आले. वर चढून बसले. म्हसूने गाडी गल्लीतून एकदा फिरवली. खड्ड्यात सांगाडा करकरला आणि रखमाजींची कवळी खटखट वाजली.

"जावईबापू, तंबू हलतो! गाडी कितीही हलू द्या, तंबू हलता कामा नये. एवढं करा. तंबू हलला नाही, तर सोजर तुमची. हलला, तर ती माझ्या घरी."

गाडी म्हसूकडेच ठेवून ते शेलगावला गेले. म्हसू पायरीवर बसून विचार करू लागला. या माणसाने विचार करू नये असं गावाचं मत होतं. पण बायकोचा प्रश्न होता.

गाडी हलली तरी तंबू हलता कामा नये. जे जमिनीला टेकत नाही त्याचा भरवसा धरू नये. जमिनीला टेकतं ते गाडीला जोडायचं नसतं. आणि मोठा सांगाडा भिंतीला उभाच होता. तो कुठंतरी कामाला यायचा होता.

म्हसू उठला. त्याने मोठ्या सांगाड्याला चार लांब पाय जोडले. अंगणात चार खड्डे खणले. पाय त्यात उभे करून वर सिमेंट ओतलं. सांगाड्याखाली पिकअप उभी केली. पाय चाकांच्या बाहेरून जमिनीत गेले. हौद्यावरचा धाकटा सांगाडा काढला आणि तंबू मोठ्यावर चढवला. गाडीला एक बोल्ट लावला नाही.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी रखमाजी आले. बरोबर सोजर होती, बैलगाडीत माल होता. गावातली वीज गेली होती. अंधारातच माल हौद्यात भरला. रखमाजी वर चढले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सांगाडा गदागदा हलवला. काही हललं नाही.

"शाबास जावईबापू! ही कारागिरी!"

अख्ख्या आयुष्यात म्हसूला मिळालेली ही पहिली शाबासकी.

"मी आता वरच झोपतो," रखमाजी म्हणाले. "कोंबडा आरवला की निघा. हाळाजवळ पोचेपर्यंत मला उठवू नका."

धावत्या गाडीच्या डोक्यावर झोपायला निघालेला माणूस किती शहाणा, ते तुम्हीच ठरवा. रखमाजींनी धोतर सोडून खाली सोजरकडे टाकलं. धोतर चुरगळू नये म्हणून ते लंगोटावर झोपत. म्हसूने शिडी काढली आणि गाडीत टाकली.

कोंबडा आरवला. म्हसू आणि सोजर पुढे बसले. गाडी निघाली. गाडी खड्ड्यांत नाचत होती. वरून आवाज नाही. म्हसू गालात हसत होता.

जत्रेत ते सगळ्यांच्या आधी पोचले. हाळाजवळची जागा रिकामी होती. सोजर उतरली.

"आबा, उठा!"

तिने वर पाहिलं. वर चांदणी होती.

"अवो, आबा कुठं आहेत?"

"तंबूत."

"तंबू कुठाय?"

"जागेवर. गाडी हलली, तंबू हलला नाही. मामांनी तसंच सांगितलं होतं."

सोजरने कपाळावर हात मारला. पण जागा मिळाली होती आणि ती रखमाजींची लेक होती.

"गाडीतलं सगळं इथं उतरवा. मी बसते दुकान मांडून. तुम्ही जा आणि आबांना घेऊन या."

म्हसूने सगळं उतरवलं. घुंगरमाळा उतरवल्या, झुली उतरवल्या. शिडी उतरवली. धोतरही उतरवलं. मग रिकामी गाडी घेऊन तो गावाकडे निघाला.

कुरणवाडीत ऊन वर आलं होतं. अंगणात चार खांबांवर तंबू उभा होता. तंबूतून रखमाजींचं फक्त डोकं बाहेर आलेलं. खाली नळावर बायकांची रांग लागलेली. लोकांनी दोनदा शिडी आणली होती. पण लंगोटावर सोयऱ्याच्या गावात, बायकांसमोर कोण उतरणार?

कोंडाबाई पापड घालता घालता विचारत होती, "व्याहीबुवा, जत्रा कशी दिसतीय वरनं?"

म्हसूने गाडी थांबवली. छाती पुढे काढून उभा राहिला.

"मामा! गाडी जत्रेला जाऊन आली. तुमचा तंबू तसूभर हलला नाही. आता सोजर माझी ना?"

 रखमाजी दात आवळून म्हणाले, "आधी मला जमिनीवर आणा."

"शिडी जत्रेत आहे."

"कसंही आणा! पण आत्ता आणा!"

म्हसूने कटर आणला. वीज आली होती. कोंडाबाईच्या बाजूचे दोन पाय त्याने बुडातून कापले.

तंबू कलला. रखमाजी उघड्या दारातून घरंगळत बाहेर आले आणि कोंडाबाईच्या पापडांच्या खाटेवर उताणे पडले. नळावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले, पण डोळे उघडे ठेवले.

रखमाजींनी लोखंडाकडे बघितलं नाही. त्यांनी जावयाकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

त्यांच्याआधी म्हसू खाली वाकून काकुळतीने म्हणाला, "मामा, आत्ता हलला तो धरायचा नाही हं. तुम्हीच आणा म्हणालात."