पोहोच

त्या राज्यात पाणी केव्हा चढेल याचा नेम नव्हता आणि सगळ्यांची अंडी मात्र सखल जागी होती. बिऱ्हाड पाठीवर असण्याची म्हण जगाने विंचवाच्या नावावर केली असली, तरी तिथे तसं बिऱ्हाड खरोखर होतं ते गोगलगायींचं. म्हणून टेकडीवर मुक्काम करून वरच्या तळ्याच्या बांधावर नजर ठेवायचं काम त्यांच्यातल्याच एकीला करावं लागे. त्या वर्षी ते सावकाशीकडे आलं.

सावकाशीला फिरायची हौस होती आणि ती तिने कधी लपवली नाही. पण या खेपेला तिची स्वतःची चाळीस अंडी खाली पळसाच्या मुळाशी होती. धाकटी बहीण ओलवंती ती सांभाळायला बसली होती. अंडी उगाच हलवली तर नासतात आणि वेळेवर हलवली नाहीत तर बुडतात. तेव्हा ठरलं ते असं, की वरून निरोप आल्याशिवाय एकही अंडं हलवायचं नाही.

अडचण होती निरोपाची. गोगलगायीला टेकडी उतरायला चार दिवस लागतात. पाण्याला अर्धा दिवस पुरतो. ही अडचण कुणीतरी तंतुराव नावाच्या कोळ्याच्या कानावर घातली. तो लगबगीने आला. त्याने एक धागा सावकाशीच्या शंखाला चिकटवला, दुसरा ओलवंतीच्या.

"ताई, कुठंही मुक्काम करा," तो म्हणाला. "कड्यावर करा, कपारीत करा. आमची पोहोच सगळीकडं आहे."

बोलायचं ते धाग्याला हिसके देऊन बोलायचं. उलट दोन हिसके आले की पोहोच मिळाली. बदल्यात दोघींच्या येण्याजाण्याच्या वाटांवर जाळी बांधायची मुभा तंतुरावला हवी होती. ती त्याला लगेच मिळाली. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण ज्याने केली, त्याने कोळ्याचे पाय मोजले नसावेत.

पहिला मुक्काम झऱ्याकाठी, नेच्याच्या सावलीत पडला. जागा अशी, की हलूच नये. पण धाग्याला हिसका द्यावा तर उलट काहीच येईना. सावकाशी देठावर चढली, शिंगं ताणून पाहिली, घराचं तोंड पूर्वेला केलं, मग पश्चिमेला केलं.

शेजारी उतरलेली वाणीण गालात हसत म्हणाली, "अहो, बिऱ्हाड जरा त्या दगडामागं घ्या. माझा धागा तिथंच काय तो लागतो. तोही एका पायावर उभं राहिलं तर." वाणीण म्हणजे शंभर पायांचा किडा, तिला एका पायावर उभं राहणं परवडत होतं.

सावकाशीने येणाऱ्याजाणाऱ्या मुंग्यांकरवी तंतुरावकडे तक्रार धाडली. उत्तर आलं: आणखी वर या. तिने झरा सोडला आणि उघड्या कातळावर जाऊन बसली. उन्हाने तिचं अंग सुकू लागलं, पण धागा मात्र एकदम शहाण्यासारखा वागू लागला. हिसका द्यावा, की दोन हिसके हजर. कधी कधी तर तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत पोहोच मिळे. किती ही तत्परता, असं तिला वाटलं. रोज ती 'अंडी बरी आहेत ना?' असं विचारी, दोन हिसके येत आणि ती समाधानाने घरात शिरे.

मग एका सकाळी बांधाला भेग गेली. सावकाशीने जीव खाऊन धागा ओढला. हलव! दोन हिसके आले. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा दोन हिसके आले. तिसऱ्यांदा पोहोच मिळाल्यावर तिच्या जिवात जीव आला आणि ती खाली निघाली.

चौथ्या दिवशी ती पोचली तेव्हा पळसाच्या बुंध्याला पाणी लागलं होतं. वरच्या ढोलीत ओलवंती होती आणि तिच्यापाशी सात अंडी होती.

"ताई, रोज विचारत होते, हलवू का?" ओलवंती म्हणाली. "रोज तुझी पोहोच यायची. म्हटलं, ताईनं ऐकलंय, आता ती सांगेल."

"मी सांगितलं होतं गं. तीनदा सांगितलं."

"मग मला कसं नाही कळलं?" एवढं विचारून ओलवंतीने शंखाचं दार लावून घेतलं. सावकाशी किती तरी वेळ त्या बंद दाराशी बसून होती.

तिला पाण्याचा राग आला नाही. पाण्याने कसलाच शब्द दिला नव्हता. तिचा जीव जळत होता तो त्या दोन हिसक्यांपायी, कारण त्यांच्या भरवशावर ती सुखाने झोपली होती आणि बहीणही तशीच झोपली होती.

ती आपला धागा धरून त्याच्या मागे मागे निघाली. तो ना टेकडीवर चढत होता, ना ओलवंतीच्या ढोलीकडे वळत होता. मधल्या बोरीच्या झुडपात तो शिरला. तिथे साऱ्या राज्याचे धागे येऊन थांबले होते, प्रत्येक धागा वेगळ्या काट्याला बांधलेला. तिचा एका काट्याला होता आणि ओलवंतीचा शेजारच्याच. दोहोंमध्ये एक शिंग जाईल एवढं अंतर होतं. मधोमध तंतुराव पेंगत होता; वाटांवरच्या जाळ्यांनी त्याचं पोट चांगलं सुटलं होतं.

सावकाशीने सगळं अंग धाग्यावर टाकलं आणि चाळीसातली तेहतीस गेली, हे त्याला सांगितलं.

धागा थरथरला. तंतुरावने डोळे न उघडता एक पाय उचलला आणि दोन हिसके दिले.